आधी माझी पिशवी

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक मांजर होतं. लोकरीच्या गुंड्यावर ऐटीत बसलेलं. त्याच्या मागे भलामोठा केक, आणि केकमध्ये मुठीपर्यंत खुपसलेली सुरी. असलं पुस्तक चारचौघांत उघडून बसायचं म्हणजे लोकांना बोलायला आयतं निमित्त द्यायचं, हे मला माहीत आहे. शाळेत असताना मी अशा पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर घालायचे. आता घालत नाही.

हे पुस्तक मला बोईसर स्टेशनबाहेर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालं. इंग्रजीतलं. एक लहानसं गाव. तिथे दरवर्षी केकची स्पर्धा होते, आणि एका सकाळी स्पर्धेचे परीक्षकच मंडपात मरून पडलेले सापडतात. गावात लोकरीचं दुकान चालवणारी एक विधवा बाई आहे. ती विणायच्या सुया बाजूला ठेवते आणि चौकशीला लागते. रक्त फारसं दिसत नाही. माणूस मेला तरी चहा वेळेवर होतो, आणि चहाबरोबर काय खाल्लं ते अर्धं पान सांगितलेलं असतं. शेवटी खुनी सापडतो आणि गाव पुन्हा होतं तसं होतं.

या पुस्तकांत काय असतं आणि काय नसतं हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. तरी सांगतात. मी एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर नमुने तपासायचे, आकडे लिहायचे. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी आमच्याच लॅबमधले एक सीनियर बसतात. ते जाडजूड, गंभीर पुस्तकं वाचतात, निदान मांडीवर तरी ठेवतात. माझ्या हातातलं मांजर बघून ते एकदा म्हणाले, "इंग्लिश मीडियममध्ये शिकलीस आणि वाचतेस काय, तर हे? आयुष्याशी काही संबंध आहे का याचा?" आईचं म्हणणं त्याहून साधं आहे. "वाचायचंच आहे तर ज्याचा उपयोग होईल ते वाच. चार माणसांत बोलता येईल असं काहीतरी."

मी उत्तर देत नाही. माझा तसा स्वभाव नाही. पण लोकांची एक गंमत असते. उत्तर दिलं नाही की त्यांना वाटतं, हिच्याकडे उत्तरच नाही.

दिवाळीनंतर देखभालीच्या कामासाठी कंपनी काही दिवस बंद होती. आई मला घेऊन मुरबे गावी मामाकडे गेली. तिचा हेतू उघड होता. मी माणसांत मिसळावं. मी सोबत दोन कादंबऱ्या घेतल्या. माझाही हेतू उघड होता.

मामाची बोट आहे. तो त्या दिवसांत बहुतेक समुद्रावरच होता. घरी मामी आणि माझा मामेभाऊ. तो माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणते. घराच्या मागे खळं, म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा, आणि खळ्यात वलांड्या. बांबू रोवून त्यांच्यामध्ये दोऱ्या ताणायच्या, आणि त्या दोऱ्यांवर बोंबील टांगायचे. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर सोडून द्यायची. मामीचा हात बघता बघता टोपली रिकामी करतो. मी पहिल्या दिवशी प्रयत्न केला. ओला बोंबील हातात धरवत नाही, तो सुळ्ळकन निसटतो, आणि त्याचे दात सुईसारखे बोटात घुसतात. माझी एक जोडी लागेपर्यंत मामीची अर्धी दोरी भरली होती.

"ऱ्हाऊ दे गं म्याडम," मामी म्हणाली. "तू इतक्या मायेनं धरतेस, त्यो परत जिता व्हईल आनि दर्यात जाईल."

सगळे हसले. मीही हसले. मग जाळ्यांच्या ढिगाशेजारी सावलीत प्लॅस्टिकची खुर्ची टाकून मी पुस्तक उघडलं. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि माझ्या वाटचे बोंबीलही आपल्याकडे ओढून घेतले.

मामीबरोबर कामाला एक बाई यायची. मनोरच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावरची. पावसावर पिकणारा भाताचा लहानसा तुकडा, त्याची कापणी उरकली की ती आणि तिची बहीण खाली किनाऱ्यावर यायच्या. बोंबलाचा हंगाम असेपर्यंत गावाच्या कडेला एका खोपटात राहायच्या आणि ज्याच्या खळ्यात बोलावणं येईल तिथे कामाला जायच्या. मी तिला मावशी म्हणायचे. माझ्या खुर्चीच्या सगळ्यात जवळ ती असायची, आणि त्या सगळ्यांत पुस्तकाबद्दल नीट प्रश्न विचारणारी तीच.

"मांजराचा पुस्तक हाय?"

"नाही. खुनाचं आहे."

तिचे हात थांबले. "मांजरान् मारला?"

"नाही हो. मांजर तसंच काढलंय. खुनी कोण ते शेवटी कळतं."

"मंग आता वाचून काय कलतंय?"

मी तिला थोडंफार सांगितलं. केक, परीक्षक, लोकरीचं दुकान. माझं मराठी अशा वेळी फार शाळकरी होतं, तरी तिला कळत होतं. दुसऱ्या दिवशी तिने आल्याआल्या विचारलं, "सापडला?" मी म्हटलं, अजून नाही, दुकानवाली बाई चौकशी करतेय.

"तीच असल," मावशी म्हणाली. "लय फिरतंय ती."

"ती कशी असेल? तीच तर शोधतेय."

"तेच सांगतंय तुला."

मामीला हे ऐकू जात होतं. "लावलं तू तिलापन नादाला?" ती मला म्हणाली. "एक वाचतंय, एक आयकतंय, आनि बोंबील कावळं नेतंय."

आता टेकूबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर झालं. ओले बोंबील जड असतात. दोरी भरली की मध्ये लोंबते, मग तिच्याखाली दुबेळक्याचा, म्हणजे टोकाला बेचकं असलेला, एक उंच बांबू उभा करतात. तो टेकू. माल सुकत जातो तसा हलका होतो, दोरी आपोआप वर येते. मग जाड टेकू काढून जिथे ओला माल लागला असेल तिथे नेतात. या बांबूंना कुठे कुठे छाटलेल्या फांदीचे खुंट राहिलेले असतात. मामी काम करताना बोटातली अंगठी काढायची, कारण बोंबलाचे दात त्यात अडकतात. ती अंगठी तिच्या आईची. चांगली जाड. पदराच्या गाठीत वगैरे ती ठेवायची नाही. समोरच्या टेकूच्या खुंटावर घट्ट सरकवून द्यायची. तिथे ती तिच्या डोळ्यासमोर राहायची.

त्या दिवशी दुपारी जेवायला उठायचं म्हणून मामीने पिंपावर हात धुतले आणि खुंटाकडे हात नेला. खुंट रिकामा होता.

आधी ती खाली वाळूत बघत राहिली. मग सूप आणून खालची वाळू पाखडली. आई वाकून बघायला लागली, मीही. शेजारच्या खळ्यातली काकू मधल्या कुंपणापाशी येऊन उभी राहिली. कुंपण म्हणजे जुनी जाळीच होती, सगळं दिसायचं.

"काय गेलं?"

"अंगठी. माज्या हातानं हितं घातलेली. ह्या खुंटाला. मी काय येडी हाय?"

कुणी ठरवलं असं नव्हे, पण एकेकाची नजर हळूहळू मावशीकडे वळली. ती टेकूच्या पलीकडेच काम करत होती, रोजच्यासारखी.

"तू सकालधरनं हितंच हायस," मामी म्हणाली.

"हाय तर. तुमच्यासंगं हाय."

"मी मदी घरात गेलेली."

"गेलेल्या. मंग?"

"मंग काय. पिशवी दाखव."

मावशीची एक नायलॉनची पिशवी होती. डबा, पाण्याची बाटली, पानाची पुडी. ती पिंपाच्या आडोशाला ठेवायची. तिने उठून पिशवी उचलली आणि पोटाशी धरली. ओरडली नाही, रडली नाही.

"दाखवीन," ती म्हणाली. "माज्या पिशवीत काय नाय. पन एकदा झाडलीत, का मंग काय निघला नाय निघला कोन इचारनार हाय? 'तिची पिशवी झाडली' येवढाच फिरल. मंग मना कोनच्या खल्यात बोलवतील? माज्या भनीला कोन बोलवील?"

हे तिने कुंपणाकडे बघत म्हटलं. काकू तिथून हलली नव्हती. त्या गावात कामाची बोलावणी तोंडी जातात, आणि तोंडीच थांबतात. हंगाम नुकता सुरू झाला होता.

"तुजं काय नसंल तर भितेस कशाला?" मामी म्हणाली आणि पिशवीला हात घातला.

आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "तू आत जा. यात पडू नकोस."

आत जायची सवय मला आहे. नातेवाईक भांडायला लागले, पाहुणे आले, कुणी प्रश्न विचारायला लागलं, की मी आत जाते आणि पुस्तक उघडते. त्यासाठी तर पुस्तक असतं, असं माझ्या सीनियरांना वाटतं. पण त्या दिवशी पुस्तक माझ्या हातातच होतं, आणि माझं बोट ज्या पानावर होतं तिथे ती लोकरवाली बाई दारोदार फिरत होती. तिने धर्मगुरूंना विचारलं होतं, त्या वेळी तुम्ही कुठे होता. डॉक्टरांच्या बायकोला विचारलं होतं. स्वतःच्या सख्ख्या बहिणीला विचारलं होतं. सगळे रागावले होते, आणि सगळ्यांनी उत्तरं दिली होती. मला ही पुस्तकं का आवडतात ते मी तोवर कधी शब्दांत मांडलं नव्हतं. केकमुळे नाही. मांजरामुळे थोडंफार. मुख्य म्हणजे त्यांत कुणालाच सूट नसते. प्रश्न विचारायचा तर तो मोठ्या बंगल्यातल्या बाईलाही विचारतात. तिचा अपमान होतो, होऊ देतात.

आमच्या खळ्यात सकाळपासून येऊन-जाऊन पाच माणसं होती. प्रश्न एकीलाच.

मी काही योजून उठले नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो. शाळेत तोंडी परीक्षेला बाईंनी मला दाराबाहेर उभं करून उत्तरं द्यायला लावली होती, वर्गाकडे पाठ करून. म्हणून बहुधा मी बोललेच नाही. खुर्चीला अडकवलेली माझी पिशवी काढली आणि सगळ्यांसमोर ताडपत्रीवर उलटी केली.

"आधी माझी बघा," मी म्हटलं.

पिशवीतून काय काय पडलं. कंपनीचं ओळखपत्र. बिस्किटांचा अर्धा पुडा. सॅनिटरी पॅड. दुसरी कादंबरी, तिच्यावरही मांजर. आणि एक लिपस्टिक, गडद, जी आईने कधी पाहिली नव्हती. आईची नजर तिच्यावर खिळली. दादा तेवढ्यात बर्फाची पेटी ठेवायला खळ्यात आला होता. त्याने पॅड बघितलं आणि एकदम समुद्राकडे तोंड फिरवलं.

"तुजी कशाला?" मामी म्हणाली. "उचल ते. लाज नाय वाटत?"

"मीही सकाळपासून इथेच होते. आणि मी तर काम करत नव्हते. मला वेळ होता."

"तू घरची हायस."

"घरच्या माणसाने अंगठी घ्यायची नाही असं कुठे लिहिलंय?" माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला.

"ह्येच शिकवतंत काय तुला त्या इंग्रजी पुस्तकांत?"

"हो," मी म्हटलं. "हेच शिकवतात."

मी तशीच पुढे बोलत राहिले. थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं. "आता आईची पिशवी. मग मामी, तुझी पर्स. आत आहे ना, ती आण. मग दादाचे खिसे. मग मावशींची पिशवी, सगळ्यांच्या शेवटी. विचारायचं तर सगळ्यांना विचारा, नाहीतर कुणालाच नको."

"माजे खिसे?" दादा वळला. "मी काय केलाय?"

"तू सकाळी आला होतास."

"आलो तं! आलो, टेकू नेला, गेलो. खिसे कसले बगतेस?"

"कुठला टेकू?"

"ह्योच की." त्याने मामीसमोरच्या टेकूकडे बोट केलं. "ह्यो नाय, हितं व्हता त्यो. जाडा. काकूची दोरी पार लोंबलेली, ओला माल तिचा. हितला माल हलका झालाय, म्हनून हितं बारका लावला आनि जाडा तिला दिला." बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला.

मामीने समोरच्या बांबूला हात लावला. खुंट होता, पण तिचा खुंट हा नव्हता. जागा तीच आणि बांबू दुसरा. तिने सकाळपासून त्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. रोज तिथे टेकू असतो, म्हणून तोच टेकू. टेकू बदलणं रोजचंच, त्यामुळे आम्हा बाकीच्यांनाही ते सुचलं नव्हतं.

"मंग बोलला का नायस मेल्या?"

"मना कोनी इचारलाच नाय!"

काकू तोवर कुंपणापासून आपल्या खळ्यात पळाली होती. आम्ही सगळे तिच्या मागे गेलो. तिच्या खळ्यात मधोमध तो जाडा टेकू उभा होता, आणि त्याच्या खुंटावर, ओल्या बोंबलांच्या शेपट्यांआड, मामीची अंगठी. काकूने ती ओढून काढली, पदराला पुसली, आणि वर धरून म्हणाली, "ही घे बाय. माज्या खल्यात चोरीचा माल ठेवत नाय हां मी!"

सगळे हसले. मामी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "डोकंच चालत नाय गं माजं," ती म्हणत होती, आणि मध्येच दादाच्या पाठीत धपाटा घालत होती. काकू म्हणाली, बोंबलाचं लग्न लागलं, अंगठी घालून. आईही हसत होती, सुटकेचं हसू. मला ते हसणं नको होतं. ते इतकं सोपं होतं की त्यात दुपारची गोष्ट विरघळून गेली.

मावशी कुंपणाच्या अलीकडेच थांबली होती. पिशवी अजून पोटाशी होती, न उघडलेली.

"चला, चहा टाकते," मामी परत येत म्हणाली. स्वतः चहा केला, आलं घालून. मावशीसमोर कप धरला. "घे. मनात ठेवू नको काय."

"हात वले हायेत," मावशी म्हणाली.

कप टोपलीशेजारी ठेवला गेला. तिने तो घेतला नाही. उरलेली टोपली तिने पूर्ण टांगली, एक जोडी इकडची तिकडे नाही. हात धुतले, पिशवी उचलली आणि गेली. चहावर साय धरली होती. तो कप कुणी धुवायला घेईना, शेवटी मीच घेतला.

संध्याकाळी आई मला म्हणाली, "एवढं सगळ्यांसमोर पिशवी उलटी करायची काय गरज होती? मामी दुखावली."

"आणि मावशी?"

आईने पदराने हात पुसले. मग म्हणाली, "लिपस्टिक कधी घेतलीस?"

"पगारातून घेतली."

"मी कधी घेतली ते विचारलं."

मी पुस्तक उघडलं. त्या रात्री माझं शेवटाच्या आधीचं प्रकरण वाचून झालं. त्यात लोकरवाली बाई ज्यांच्या ज्यांच्यावर संशय घेतला होता त्या सगळ्यांना घरी बोलावते, चहा देते, आणि सगळे हसत हसत केक खातात. मी असा प्रसंग याआधी कितीतरी वेळा वाचलाय आणि मला तो आवडत आलाय. त्या दिवशी मला त्या बाईला सांगावंसं वाटलं, सगळेच चहा घेत नाहीत गं. पण पुस्तक मी फेकून दिलं नाही. त्या बाईने निदान सगळ्यांना विचारलं होतं. आमच्याकडे तेवढ्यासाठीही पिशवी उलटी करावी लागली. आयुष्याशी संबंध काय, असं बसमध्ये विचारणाऱ्यांना हे माझं उत्तर. उशिरा आलं, पण आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली नाही. म्हणजे गावात आली, आमच्या खळ्यात आली नाही. जाळीच्या कुंपणापलीकडे काकूच्या खळ्यात ती बोंबील टांगत होती, आमच्याकडे पाठ करून. तिची बहीणही होती. काकूने दोघींना बोलावलं होतं, आणि ते मोठ्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलंही होतं.

"गेली!" मामी म्हणाली. "येवड्याशा गोष्टीवरनं. सापडली ना अंगठी? मी काय तिला मारलं? आमी कदी तिला परकं मानलं नाय."

हे वाक्य ती त्या सकाळी पुन्हा पुन्हा म्हणाली. मी इंग्रजीत बरं लिहिते, असं शाळेत सगळे म्हणायचे. हे मी मराठीत लिहिते आहे ते मामीला वाचता यावं म्हणून. मामी, पाच जणांत एकाचीच पिशवी मागितली. परकं मानणं याहून वेगळं काय असतं, ते मला सांग. तू मला लहानपणी कालवं खायला शिकवलंस, ताप आला की माझ्या उशाशी बसलीस. ते मी विसरले नाही. हेही विसरणार नाही.

थोड्या वेळाने मामी माझ्याकडे आली. मालाच्या टोपल्या तशाच होत्या आणि ऊन चढत होतं. "तू जा," ती म्हणाली. "तुजं आयकल ती. बोलवून आन. सांग, मामी बोलवतंय."

मी उठले. पुस्तक घेतलं, आणि खुर्चीही उचलली. कुंपणाला एका ठिकाणी जाळी फाटलेली होती, तिथून खुर्ची आधी ढकलली आणि मग मी गेले.

मावशीने मान वळवली. "बोलवाया आलीस?"

"मामीने बोलवायला पाठवलंय," मी म्हटलं. "पण मी बोलवायला नाही आले."

"मंग?"

"शेवटचं प्रकरण राहिलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हातातली जोडी दोरीवर सोडली, टोपली पायाने थोडी बाजूला सारली आणि खुर्चीपुरती जागा केली. "सांगू नको," ती म्हणाली. "वाच."

तिची बहीण म्हणाली, "इंग्रजीत?"

"ती सांगतंय ना मराठीत. तू हात चालव."

मी वाचलं. एक वाक्य इंग्रजीत, मग तेच माझ्या अडखळत्या मराठीत. मोठ्याने, उघड्यावर, जिथे येणारा-जाणारा थांबून बघत होता. घसा बंद झाला नाही. मध्ये काकूने विचारलं, हे काय चाललंय, तेव्हा मावशी म्हणाली, खून झालाय, गप ऱ्हा. खुनी निघाला स्पर्धेचा चिटणीस. सगळ्या गावात सर्वांत नम्र माणूस. मी ते नाव वाचलं आणि मावशीच्या चेहऱ्याकडे बघितलं.

तिने मान हलवली. तिला अजिबात पटलं नव्हतं.

"दुकानवालीच हाय ती," ती म्हणाली. "तिनं सगल्यांना इचारला. तिला कोनी इचारला?"

मी पान मागे उलटून बघितलं. खरंच, कुणी विचारलं नव्हतं. मला हसू आलं आणि मावशीलाही आलं, आदल्या दुपारनंतर पहिल्यांदा.

कुंपणापलीकडून मामीची हाक आली. "काय गं? येतंय का ती?"

मावशीने नवी जोडी उचलली. उत्तर दिलं नाही. म्हणून मी दिलं.

"नाही येत."

"मंग तू तरी ये! तिकडं काय बसलीस? ऊन लागंल!"

"इथे बरं आहे."

मग मामी पुन्हा ओरडली, "ती खुर्ची आमची हाय!"

"संध्याकाळी आणून देते," मी ओरडून सांगितलं, आणि पिशवीतून दुसरी कादंबरी काढली. तिच्यावरचं मांजर मावशीला दाखवलं.

"ह्यात कोन मेला?" तिने विचारलं.